मिरवणूक आत नेऊ नका: न्यू जर्सीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या तयारीची तुमची ई-मेल सगळ्या सभासदांना मिळाली. यंदा मिरवणूक हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये निघणार नाही, सभागृहाच्या आतच एक फेरी होईल, असं त्यात आहे. लेझीम आणि ढोल-ताशा पथकातल्या मुलांनी घरून साध्या कपड्यांत यावं, नऊवारी आणि फेटे आत आल्यावर घालावेत, असंही आहे. मागच्या वर्षीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ मंडळाच्या पानावरून काढून टाकले आहेत. शेवटच्या परिच्छेदात कुणाचंही नाव न घेता लिहिलं आहे की सभासदांनी शाळेतल्या वैयक्तिक तक्रारींत मंडळाला ओढू नये, मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे.

माझ्या मुलीच्या शाळेतल्या छळाबद्दल मी मंडळाकडे एक पत्र मागितलं होतं. तो परिच्छेद त्या अर्जाचं उत्तर आहे. मी तुम्हाला लिहिलं, फोन केले, अध्यक्षांच्या घरी जाऊन बोलले. तेव्हा तोंडी कारणं सांगितली गेली, लेखी उत्तर मिळालं नाही. ते आता सगळ्यांना पाठवलेल्या मेलमधून मिळालं, म्हणून मीही सगळ्यांसमोरच लिहिते आहे. मी मंडळाची आजीव सभासद आहे. रविवारच्या मराठी शाळेत मधल्या गटाला शिकवते, लेझीम पथकाच्या मुलींसाठी नऊवाऱ्या शिवणाऱ्या बायकांमध्येही मी असते. मंडळ मला माझं वाटतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

ज्यांना हकीकत अर्धवट माहीत आहे त्यांच्यासाठी आधी ती सांगते.

मागच्या सप्टेंबरच्या मिरवणुकीचा एक छोटा व्हिडिओ मंडळाने आपल्या सार्वजनिक पानावर टाकला होता. लेझीम पथकाच्या पुढच्या रांगेत माझी मुलगी होती. ती सातवीत होती. मार्च महिन्यात तिच्या शाळेतल्या काही मुलांना तो व्हिडिओ सापडला. त्यांनी त्यातला नेमका तिचा तुकडा कापला, त्यावर शेण, वास, 'परत जा', 'आमच्या नोकऱ्या' असलं काहीबाही लिहिलं आणि आपापसांत फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूल बसमध्ये चढली तेव्हा मागच्या सीटवरची मुलं कपाळावर लाल मार्करने ठिपके काढून बसली होती. तिला पाहताच ती हातातल्या वह्या लेझमीसारख्या आपटायला लागली. एकाने फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिने तो हिसकावला, तो खाली पडला आणि काच तडकली.

मार्कर पक्क्या शाईचा होता. पुसूनही रंग गेला नाही. तिसऱ्या तासाला त्यातला एक मुलगा तिच्याच वर्गात होता, कपाळावर तो ठिपका तसाच, घासून जरा पसरलेला. शिक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि गणिताचे कागद वाटायला सुरुवात केली. बसमधला प्रकार मुलीने मला संध्याकाळी सांगितला. वर्गातलं सांगायला तिला दोन आठवडे लागले, कारण तेच तिला जास्त लागलं होतं.

न्यू जर्सीत शाळेतल्या छळाविरुद्धचा कायदा देशातल्या कडक कायद्यांपैकी आहे. तो २०११ मध्ये झाला. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यावरून कुणाला त्रास दिला तर तो वर्गात असो, स्कूल बसमध्ये असो की फोनवर असो, शाळेला दखल घ्यावी लागते. तक्रार आल्यावर एका शालेय दिवसाच्या आत चौकशी सुरू व्हावी लागते आणि दहा शालेय दिवसांत संपावी लागते. चौकशी वेळेत झाली. निष्कर्ष असा निघाला की हा विद्यार्थ्यांमधला आपसातला वाद आहे, कायद्याच्या व्याख्येतला छळ नाही. फोनची काच फुटली म्हणून माझ्या मुलीला शाळा सुटल्यावर थांबण्याची शिक्षा झाली. आम्ही कायद्याने मिळणारी स्कूल बोर्डापुढची सुनावणी मागितली.

त्या सुनावणीसाठी मी मंडळाकडे एका पानाचं पत्र मागितलं होतं. हा व्हिडिओ आमच्या संस्थेचा आहे, तो गणपतीच्या मिरवणुकीचा आहे, टिकली आणि नऊवारी हा आमच्या बायका-मुलींचा पेहराव आहे, आणि त्याची अशी नक्कल म्हणजे मूळ देश आणि धर्म यावरून केलेला अपमान आहे, एवढंच त्यात हवं होतं. हे अधिकाराने सांगू शकेल अशी या गावात आपलीच एक संस्था आहे. आई सांगते तेव्हा बोर्डाला ती एका दुखावलेल्या पालकाची बाजू वाटते. शेकडो कुटुंबांच्या संस्थेने लेटरहेडवर लिहिलं तर त्याला वजन येतं. तुम्ही पत्र दिलं नाहीत. जूनमध्ये बोर्डाने शाळेचा निष्कर्ष कायम केला.

आता तुमची कारणं एकेक घेते.

करमाफीचं कारण खजिनदारांनी सांगितलं. शाळेच्या प्रकरणात मंडळ बोललं तर आपला ५०१(सी)(३) दर्जा धोक्यात येईल, असं त्यांचं म्हणणं. हे खरं नाही. त्या कलमाखाली नोंदलेल्या संस्थेला निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही, ती बंदी पूर्ण आहे. कायदा व्हावा किंवा होऊ नये म्हणून आमदार-खासदारांकडे प्रयत्न करायलासुद्धा पूर्ण बंदी नाही, ते काम मर्यादेत ठेवावं लागतं. एका मुलीच्या तक्रारीला जोडून वस्तुस्थिती सांगणारं पत्र देणं यातल्या कशातच मोडत नाही. चर्च, सिनेगॉग, गुरुद्वारे अशी पत्रं देतात, त्यांची माणसं स्कूल बोर्डाच्या सभेत उभी राहून बोलतात. मंडळात सीपीए म्हणजे हिशेब-कर जाणणारे लोक आहेत, वकील आहेत. त्यांना विचारलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. आपण दिवाळीच्या कार्यक्रमात महापौरांना आणि टाऊनशिपच्या कौन्सिलला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो. ती ओळख आपल्या मुलांच्या कामी येणार नसेल तर ती कशासाठी ठेवायची, याचं उत्तर मला कार्यकारिणीकडून हवं आहे.

दुसरं कारण ज्या ज्येष्ठ सभासदांनी सांगितलं त्यांना मी काका म्हणते. सत्तरच्या दशकात आलेली ही पिढी. तेव्हा इथे मराठी किराणा नव्हता, गणपतीची मूर्ती देशातून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणावी लागे. त्यांचं बोलणं मी मान खाली घालून ऐकलं. ते म्हणाले, "आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने आवाज चढवू नये."

काका, माझी मुलगी पाहुणी नाही. ती याच काउंटीतल्या रुग्णालयात जन्मली. तिला 'परत जा' म्हटलं तेव्हा तिने घरी येऊन विचारलं, "कुठे?" तुमची नातवंडंही तिच्यासारखीच इथली. आणि तुम्ही स्वतः? तुम्ही इथे नोकरी केलीत, कर भरलात, दर निवडणुकीला मतदान करता. पाहुणा मतदान करत नाही.

काकांची पिढी इथे येऊ शकली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी आपल्या लोकांना इथे काय वागणूक होती हे मंडळात कधी बोललं जात नाही. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. ज्यांना आधीच मिळालं होतं अशा कितीतरी जणांचं काढून घेतलं. १९४६ मध्ये तो दरवाजा जरासा उघडला, तोही वर्षाला शंभर माणसांपुरता. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच लाटेत पुढच्या वर्षी देशावर आधारलेली जुनी कोटा पद्धत गेली. त्यासाठी कृष्णवर्णीय लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला, तुरुंग भोगले, जीव दिले. आपण आलो ते त्यांच्या लढ्यानंतर उघडलेल्या दारातून. हे आपल्या मराठी शाळेच्या पुस्तकात कुठेही नाही.

तिसरं कारण सगळ्यात खरं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. उपाध्यक्ष म्हणाले, "आपले निम्मे सभासद व्हिसावर आहेत. त्यांना आणखी लक्ष वेधून घ्यायचं नाही." ही भीती मला ठाऊक आहे. मी एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले. औषधनिर्माणशास्त्राची पदवी हातात असून मला कामाला हात लावायची परवानगी नव्हती, ती २०१५ च्या नियमानंतर मिळाली. घरातला एक माणूस कंपनीच्या कागदावर उभा असतो. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा गाशा गुंडाळायचा. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतातून आलेला माणूस वर्षानुवर्षं रांगेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा हुकूम निघाला तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटावर त्या रात्री कुणी झोपलं नव्हतं. देशात सुट्टीला गेलेल्या सभासदांची परतीची विमानं गाठण्यासाठी धावपळ चालली होती. डिसेंबर २०२४ पासून एच-वन-बीवरून भारतीयांविरुद्ध जे विष इंटरनेटवर पसरलं आहे, तेच माझ्या मुलीच्या व्हिडिओवर लिहिलेलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'आमच्या नोकऱ्या' हे कुठून सुचणार? त्याने ते मोठ्यांकडून उचललं.

म्हणूनच मी मंडळाकडे आले होते. व्हिसावरच्या बापाला बोर्डासमोर उभं राहून नाव-पत्ता सांगायची भीती वाटते, ती मी समजू शकते. पण मंडळाला व्हिसा लागत नाही. मंडळ न्यू जर्सीत नोंदलेली संस्था आहे, तिची नोकरी जाऊ शकत नाही, तिला कुणी विमानात बसवू शकत नाही. एकट्याने बोलणं ज्यांना परवडत नाही त्यांच्या वतीने बोलायला दुसरं आहे तरी कोण? तुम्ही नेमकं उलट केलंत. त्या बसमध्ये आपल्या मंडळातल्या घरांची मुलंही होती. त्यांनी सगळं पाहिलं. त्यांच्या पालकांनी मला हळूच फोन करून सांगितलं की वाईट वाटलं, पण मंडळच लांब राहिलंय, तर आम्ही कसं पुढे यायचं. चौकशीत माझ्या मुलीच्या बाजूने लेखी जबाब एकाच मुलीने दिला. ती आमच्या गल्लीतली, कृष्णवर्णीय कुटुंबातली. तिच्या आईने तिला शेजारी बसून तो लिहायला लावला आणि स्वतः मुख्याध्यापकांच्या हातात नेऊन दिला.

मिरवणूक आत नेण्याच्या निर्णयामागे सुरक्षिततेचा विचार आहे, हेही मी मानते. पण दडून राहिल्याने आपण वाचतो याला आधार काय? हे राज्य आपलं आहे, इथलाच इतिहास बघा. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीच्या वर्तमानपत्रात स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांचं पत्र छापून आलं. नाव कपाळावरच्या कुंकवाच्या ठिपक्यावरून, 'डॉट'वरून घेतलेलं, पण त्यांनी त्यात लिहिलं होतं की आम्ही टेलिफोनच्या पुस्तकात पटेल आडनाव शोधतो. आडनाव घरी ठेवून बाहेर पडता येत नाही. त्याच सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुण बँक अधिकाऱ्याला टोळक्याने मारहाण केली आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्या कपाळावर काही नव्हतं. अंगावर इतरांसारखेच कपडे होते. बरोबरच्या गोऱ्या मित्राला कुणी हात लावला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोटला कामावरून सुटून मित्राबरोबर बारमध्ये बसला होता. तोही कुठल्या मिरवणुकीत नव्हता. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एकाने त्याला गोळ्या घातल्या. मारेकऱ्याला अडवायला धावला तो इयन ग्रिलट, चोवीस वर्षांचा गोरा तरुण. त्याने या दोघांची ना जात विचारली ना देश, आणि गोळी खाल्ली. सुदैवाने तो वाचला.

शिखांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर ठार मारलं. पगडीमुळे. त्या समाजाने मुलांना पगडी काढून शाळेत जा असं सांगितलं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात घुसून एका वर्णद्वेष्ट्याने गोळीबार केला. पुढच्याच महिन्यात, त्यात आई गमावलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने वॉशिंग्टनला सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. शिखांविरुद्धच्या गुन्ह्यांची सरकारदरबारी वेगळी नोंदच होत नाही, ती करा, ही त्याची मागणी. २०१५ पासून एफबीआय ती नोंद ठेवू लागलं. त्याच वेळी हिंदूंविरुद्धच्या गुन्ह्यांचीही वेगळी नोंद सुरू झाली. त्यांच्या धडपडीचं फळ आपल्या पदरातही पडलं आहे.

या गावात मार्चमध्ये आयरिश लोकांची सेंट पॅट्रिकची मिरवणूक मुख्य रस्त्यावरून निघते. आपण मुलांना घेऊन बघायला जातो. एकोणिसाव्या शतकात याच आयरिश कॅथलिकांबद्दल 'हे देश बुडवणार, यांना हाकला' असं म्हणणारा अख्खा राजकीय पक्ष इथे होता. त्यांनी आपली मिरवणूक चर्चच्या तळघरात नेली नाही.

दरवर्षी महिला दिनाला आपल्या रंगमंचावर आनंदीबाई जोशींवरचा प्रवेश होतो. प्रेक्षकांत डोळे पुसणाऱ्या बायका मी दर वर्षी पाहते. आनंदीबाई १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय बोटीने न्यूयॉर्कला आल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल इथे कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंच्या घरी राहिल्या. ते रोझेल आपल्या इथून गाडीने फार लांब नाही. निघण्यापूर्वी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर इथे भर सभेत त्यांनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी सोडली नाही, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या. त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्या अमेरिकन कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या आहेत. त्यांनी तिला घरची मुलगी मानलं. तिच्यावर नाटक करणाऱ्या मंडळाने आज तेराव्या वर्षातल्या मुलीला सांगायचं की नऊवारी पिशवीत घालून आण, दारात कुणी बघू नये? हे मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, जरी त्याने काही जण नाराज होतील. बाहेरच्यांनी आपल्याला माणूस म्हणून वागवावं ही मागणी आपण करतो, तर ती आपल्यालाही लागू आहे. नव्या कुटुंबाची ओळख करून घेताना 'आडनाव काय?' आणि त्याने उलगडा झाला नाही तर 'मूळ गाव कुठलं, घरी कुलदैवत कोण?' असं विचारत आपण कुठे पोचू बघतो, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. दोन कुटुंबांनी यामुळे मंडळात येणं सोडलं आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, इथून तासाभरावर, आणि आपल्या वार्षिक कार्यक्रमांच्या यादीत १४ एप्रिल कधीच नसतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची माहिती मागवली होती. त्यांना दोन्ही दुःखांची जात एकच आहे हे दिसत होतं. आपल्या मागच्या दिवाळीच्या प्रहसनात मात्र चोराचं पात्र कृष्णवर्णीय दाखवलं, तोंडाला रंग फासून. सभागृह हसलं. कपाळावर मार्करने ठिपके काढून बसमध्ये हसणारी मुलं आणि ते प्रहसन यांत मला फरक सापडत नाही. ज्या मुलीने माझ्या लेकीसाठी जबाब लिहिला तिला मी यंदाच्या गणपतीला बोलावणार आहे. तिच्यासमोर असं काही होता कामा नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

स्कूल बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते. ती मुदत अजून संपलेली नाही. जे पत्र मार्चमध्ये मागितलं होतं ते या महिनाअखेरपर्यंत मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने द्यावं. मजकूर मी तयार करून दिला आहे, त्यात तुम्हाला बदल हवे असतील तर करा.

मिरवणूक बाहेर काढा. टाऊनशिपकडे परवान्याचा अर्ज वेळेत गेला तर तो मिळतो, आजवर मिळालाच आहे. सुरक्षिततेसाठी ड्युटीबाहेरचे पोलीस मोबदला देऊन मागवता येतात, इथल्या शर्यतींना आणि जत्रांना तेच उभे असतात. खर्चाचा प्रश्न असेल तर लेझीम पथकाच्या पालकांनी तो वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. मुलांच्या कपड्यांबद्दलची सूचना लेखी मागे घ्या. व्हिडिओंच्या बाबतीत एवढंच की कुठल्याही मुलाचा चेहरा पालकांच्या संमतीशिवाय सार्वजनिक पानावर जाऊ नये. ज्यांची संमती आहे ते व्हिडिओ परत लावा. माझी आहे. मुलीला विचारून सांगते आहे.

छळाच्या तक्रारीची कार्यपद्धती पालकांना मराठीतून समजावून देणारा वर्ग दर सप्टेंबरला, शाळा सुरू होताना घ्यावा. तक्रार कुणाकडे करायची, ती लेखी कशी द्यायची, किती दिवसांत काय व्हायला हवं, सुनावणी कशी मागायची हे आजी-आजोबांनासुद्धा कळलं पाहिजे. दुपारी बसच्या थांब्यावर मुलांना घ्यायला तेच उभे असतात. हा वर्ग घ्यायला मी तयार आहे आणि आपल्यातल्या एक वकील ताईही तयार आहेत. स्कूल बोर्डाच्या सभेत दर महिन्याला मंडळाचा एक प्रतिनिधी बसावा. बोलायला काही नसलं तरी बसावा.

जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने न्यू जर्सीत आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळांत शिकवणं सक्तीचं आहे. आपल्या शाळांत त्या नावाखाली अजून वर्षातून एकदा साड्या आणि समोशांचा दिवस होतो. मंडळाने स्कूल डिस्ट्रिक्टशी बोलावं. आनंदीबाईंचं रोझेल, थिंड यांचा खटला, १९८७ चं जर्सी सिटी हे याच राज्याचे आणि देशाचे धडे आहेत. साहित्य जमवायला, भाषांतर करायला, शिक्षकांना भेटायला मराठी शाळेतल्या आम्ही बायका वेळ देऊ. हेच धडे आपल्या रविवारच्या शाळेतही आले पाहिजेत. शिवाजी महाराजांच्या शेजारी त्यांना जागा हवी.

रंगमंचावर येणाऱ्या संहिता सांस्कृतिक समितीने आधी वाचाव्यात आणि कुणाच्या रंगावर, जातीवर किंवा बोलण्याच्या ढंगावर हसवणारं काही असेल तर ते काढावं. पुढच्या वर्षीपासून आंबेडकर जयंती कार्यक्रमांच्या यादीत असावी.

मंडळाच्या घटनेप्रमाणे सभासदांनी सह्यांनिशी मागणी केल्यास कार्यकारिणीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आवश्यक तेवढ्या सह्या झाल्या आहेत, त्यांची प्रत सचिवांकडे या पत्रासोबत पोचेल. सह्या करणाऱ्यांत काकांचीही आहे. परवा ते स्वतः गाडी चालवत घरी आले आणि करून गेले. सभा गणेशोत्सवाच्या आधी व्हावी, तिची तारीख आठ दिवसांत कळवावी.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद व मराठी शाळेतील शिक्षिका,
सेंट्रल जर्सी